हिब्रूच्या वर्गात मुलींनाही बसू द्या

लॉस एंजेलिस शहरात सन व्हॅली नावाचा एक भाग आहे. तिथल्या ग्रेस कम्युनिटी चर्चच्या आवारात १९८६ साली 'द मास्टर्स सेमिनरी' सुरू झाली. जॉन मॅकआर्थर तिचे संस्थापक. १९६९ मध्ये ते त्या मंडळीचे पाळक झाले आणि १४ जुलै २०२५ रोजी देवाघरी गेले तोपर्यंत पाळकच राहिले. नव्या कराराचं एकेक वचन घेत त्यांनी तो सबंध करार आपल्या मंडळीला शिकवला. या कामाला बेचाळीस वर्षं लागली. २०११ मध्ये ते पुरं झालं. त्यांच्या सेमिनरीत पाळक तयार होतात आणि ते सगळे पुरुष असतात. पाळकपणाच्या अभ्यासक्रमाला तिथे स्त्रीला प्रवेश नाही. विद्यार्थ्यांच्या पत्नींसाठी वेगळे वर्ग चालतात.

इतक्या दूरच्या शाळेबद्दल मराठी वर्तमानपत्रात का लिहायचं, असं कुणी विचारील. नगर, जालना, पुणे, सोलापूर, कुठल्याही मराठी ख्रिस्ती घरात जा आणि तिथल्या तरुण मुलाचा फोन बघा. मॅकआर्थर आणि त्यांच्या पठडीतल्या उपदेशकांची प्रवचनं तो रोज ऐकत असतो. आमच्याकडच्या कितीतरी लहान बायबल शाळा आपली पुस्तकं, आपली शिस्त आणि आपले नियम याच पठडीतून घेतात. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अशाच एका सेमिनरीत अर्ज करायच्या तयारीत आहे. इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली आणि आता पूर्णवेळ प्रभूच्या सेवेत जायचं म्हणतो. मला त्याचा अभिमान वाटतो. त्याची बहीण संस्कृत घेऊन एम. ए. झाली आहे. व्याकरणात ती भावापेक्षा कितीतरी पुढे. परवा ती मला म्हणाली, "मावशी, दादाला हिब्रू शिकवतील. मला कोण शिकवील?"

हा प्रश्न मी तिच्यापुरता ठेवू इच्छित नाही.

मी पाळकाची मुलगी. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. आमच्या पास्टोरेट कमिटीवर काम केलं, संडे स्कूल अजून घेते. सनातनी म्हणून ज्यांना नावं ठेवली जातात त्या सेमिनऱ्यांची एक गोष्ट मला मनापासून पटते, आणि ती आधी सांगितली पाहिजे. पवित्र शास्त्र समजावून सांगायचं तर आधी ते मुळातून वाचता आलं पाहिजे, यावर त्या अडून बसतात. जुना करार हिब्रूत आहे, नवा ग्रीकमध्ये. पदवी घ्यायची तर तीन-चार वर्षं या दोन्ही भाषांशी झुंजावं लागतं. धातू, प्रत्यय, काळ, पाठभेद सगळं येतं. विद्यार्थी वर्गात उभा राहून उपदेश करतो आणि शिक्षक त्याचं वाक्य न् वाक्य तपासतात: हे तू म्हणालास ते या उताऱ्यात कुठे आहे, दाखव. उताऱ्यात नसेल तर ते कितीही गोड असलं तरी काढून टाकायचं.

आमच्या मंडळ्यांना याची किती गरज आहे हे बाहेरच्यांना कळणं अवघड आहे. आज तीन महिन्यांचा पत्रद्वारा कोर्स करून माणसं स्वतःला पास्टर म्हणवतात. कॅन्सर बरा करतो, कर्ज फेडून देतो, परदेशाचा व्हिसा मिळवून देतो, अशी आश्वासनं देवाच्या नावानं दिली जातात. एका विधवा बाईनं मुलाच्या फीसाठी जमवलेले पैसे 'विश्वासाचं बीज' म्हणून अशा एका सभेत दिलेले मी पाहिले आहेत. समोर बायबल उघडून बोलणारा माणूस त्या वचनाच्या मागचं-पुढचं वाचतो की नाही, हे तिला ओळखता आलं असतं तर ती वाचली असती. वचन तपासायला शिकलेला पाळक मंडळीला अशा माणसांपासून राखतो. म्हणून त्या कडक अभ्यासाची टिंगल मी ऐकून घेत नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या काही मित्रांना असल्या सेमिनरीचं नाव काढलं की फक्त कर्मठपणा आठवतो. तीन वर्षं ग्रीक क्रियापदं घोकणाऱ्या मुलाची मेहनत त्यांना दिसत नाही.

या मेहनतीचं आणि मराठी मुलखाचं नातं दोनशे वर्षांहून जुनं आहे.

१८०५ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डला धर्मशास्त्राच्या अध्यासनावर हेन्री वेअर यांची नेमणूक झाली. वेअर युनिटेरियन मताचे, त्रैक्य न मानणारे. जुन्या मताच्या पाळकांनी त्यावर वेगळी चूल मांडली. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी १८०७ साली त्यांनी सेमिनरी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले. कॉलेजची पदवी घेतलेल्या मुलांना पाळक म्हणून तयार करणारी अमेरिकेतली ही अगदी आरंभीची संस्था. आज कॅलिफोर्नियात जे चालतं त्याची जुनी पाळंमुळं तिथे सापडतात. अँडोव्हरच्या प्राध्यापकांना संस्थेच्या मतपत्रावर सही करावी लागे, आणि दर पाच वर्षांनी ते पुन्हा मान्य आहे असं सांगावं लागे. मोझेस स्टुअर्ट तिथे हिब्रू शिकवत. त्यांनी हिब्रूचं व्याकरण लिहिलं तेव्हा ती अक्षरं जुळवणारा कंपोझिटर मिळेना, म्हणून खिळे जुळवायला ते स्वतः बसले.

या अँडोव्हरमध्ये शिकलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला टपलेलं होतं. पुढे त्याच शाळेतला सॅम्युएल न्यूएल येऊन मिळाला. त्याची बायको हॅरिएट मुंबईपर्यंत पोचलीच नाही. १८१२ मध्ये मॉरिशसला वारली, वय एकोणीस. न्यूएल १८२१ मध्ये पटकीनं गेला. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडे दौऱ्यावर असताना पटकीच्या रोग्यांची सेवा करत होता, आणि त्याच आजारानं वाटेत त्याचा अंत झाला. त्याच वर्षी या मिशनचा मराठी नवा करार मुंबईत छापून झाला. आल्या दिवसापासून ही माणसं मराठीला भिडली ती उगाच नाही. देवाचं वचन लोकांच्या भाषेत आलं पाहिजे आणि मूळ भाषेशी इमान राखून आलं पाहिजे, ही शिकवण अँडोव्हरच्या वर्गातली.

त्या वर्गात एकही मुलगी नव्हती. आणि तरी त्याच मिशननं १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ च्या शेवटी सिंथिया फरार नावाची अविवाहित बाई अमेरिकेहून एकटी शिक्षिका म्हणून आली. पुढे ती नगरला राहिली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. जोतीराव फुल्यांनी नगरला तिच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याचं त्यांच्या मनानं घेतलं, हे महाराष्ट्र जाणतो. ज्या लोकांनी आपल्या सेमिनरीत बाईला बसू दिलं नाही त्यांनीच आमच्या मुलखात बाईच्या हाती पाटी दिली. माझी आजी त्या पाटीमुळे वाचायला शिकली. या परंपरेचे उपकार मी विसरत नाही, आणि म्हणूनच तिच्याशी भांडण्याचा मला हक्क आहे असं समजते.

अमेरिकेतल्या सेमिनरीतली भांडणं थेट नगरच्या गल्लीपर्यंत कशी येतात याचा एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. रॉबर्ट अॅलन ह्यूम यांचा जन्म १८४७ चा, मुंबईतला, मिशनरी आईबापांच्या पोटी. १८७८ मध्ये नगरला मराठी पाळकांसाठी सेमिनरी निघाली. तिच्याशी ह्यूम यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्याच सेमिनरीत शिकवत. नवीन ख्रिस्ती झालेला कुणीही मराठी माणूस पाळकाला एक प्रश्न विचारतोच: प्रभूचं नाव माझ्या कानावर आलं म्हणून मी तरलो, पण ते न ऐकता गेलेल्या माझ्या आजा-पणजाचं काय? हा प्रश्न मी माझ्या वडिलांना विचारलेला ऐकला आहे. आमच्या अंगणात, एका मातंग समाजातल्या म्हाताऱ्यानं, बापाच्या आठवणीनं रडत. वडील त्याच्याशी दिवेलागणीपर्यंत बोलत बसले होते.

अँडोव्हरमध्ये तेव्हा काही प्राध्यापक असं मांडू लागले होते की ज्यांनी या जन्मी ऐकलं नाही त्यांना मरणानंतर तरी ऐकण्याची संधी देव देत असेल. १८८६ मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरला बोलले आणि हे मत आपल्याला पटण्याजोगं वाटतं असं त्यांनी सांगितलं. झालं, मिशनच्या बोर्डात वादळ उठलं. जुन्या मताच्या मंडळींना यात सुवार्तेचा पायाच निखळताना दिसला. ह्यूम यांना नगरला परत पाठवायचं की नाही यावर बोर्ड अडून बसलं. पुढे १८८७ मध्ये परवानगी मिळाली आणि ते परत आले. मी त्या जुन्या मताच्या लोकांना मूर्ख समजत नाही. त्यांची भीती खरी होती. पण पूर्वजांचा तो प्रश्न अँडोव्हरच्या वर्गात कुणी स्वतःच्या घरचा म्हणून उभा केला नव्हता, कारण ज्याचे आईबाप न ऐकता गेले असा विद्यार्थी तिथे सहसा नसे. वर्गात कोण बसतं यावर शास्त्राला कुठले प्रश्न विचारले जातात हे ठरतं. उत्तर शास्त्रातूनच द्यायचं, पण प्रश्न तर कुणीतरी आणला पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत माझं म्हणणं तेच आहे, आणि त्यासाठी मला अमेरिकेला जायची गरज नाही. दौंडजवळचं केडगाव पुरे.

पंडिता रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, नंतर ते पुण्यात. दुष्काळाच्या वर्षांत विधवा आणि अनाथ मुली गोळा करून केडगावला मुक्ती. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. पुढचं मात्र आपले लोक फारसे सांगत नाहीत. संस्कृतची पंडिता असलेल्या या बाईनं हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं. सुमारे अठरा वर्षं ती त्यावर खपली. जुन्या भाषांतरांची भाषा पंडिती आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, ही तिची तक्रार होती. केडगावच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले, मुलींनी पानं छापली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. सबंध बायबल १९२४ मध्ये निघालं.

माझा भाचा ज्या मताच्या शाळेत जायला निघाला आहे त्या मतापासून रमाबाई शेवटच्या काळात फार दूर नव्हत्या. १९०५ मध्ये केडगावला मोठं आत्मिक जागरण झालं. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन, त्यात आपल्या सोयीनं कापाकापी करायची नाही, असं त्या मानत. म्हणजे 'बायकांना शिकवलं की मत सैल होतं' हे जे सांगितलं जातं त्याला आमच्याच घरातून उत्तर आहे. मराठी ख्रिस्ती समाजात मूळ भाषांशी इतकी वर्षं एकटीनं झुंजलेलं आणि तरी शास्त्रावरचा विश्वास तसूभर न ढळलेलं माणूस मला दुसरं ठाऊक नाही. त्या आज सन व्हॅलीला अर्ज करू शकल्या नसत्या.

हिब्रूच्या नवशिक्यांना पहिल्यांदा सलग वाचायला बऱ्याच ठिकाणी रूथचं पुस्तक देतात. सोपं, गोष्टीचं गद्य आहे. गोष्ट सुरू होते दुष्काळानं. नामी नवऱ्याबरोबर परमुलखात जाते, नवरा मरतो, दोन मुलगे मरतात, मागे उरतात तीन विधवा. सासू सुनांना म्हणते, माहेरी जा. एक जाते, एक जात नाही. केडगावच्या आश्रमात दुष्काळातून आलेल्या शेकडो बाया होत्या. त्यांच्यापुढे हे पुस्तक उघडणाऱ्या रमाबाईंना त्यात काय काय दिसलं असेल! त्या स्वतः दुष्काळात आई-वडील गमावून वणवण फिरलेल्या, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. परक्या गावच्या शेतात सरवा वेचायला जाणाऱ्या एकट्या बाईला कसली भीती असते हे त्यांना टीपा वाचून शिकावं लागलं नाही. बवाज आपल्या गड्यांना तिच्या वाटेला जाऊ नका असं बजावतो, तो एक शब्दही किती महत्त्वाचा आहे हे आमच्या स्त्रियांच्या सभेत मी शिकवते तेव्हा ऊसतोडीला जाऊन आलेल्या बाया मान डोलावतात. एकही स्त्री नसलेल्या वर्गात पंचवीस तरुण रूथ शिकतात. व्याकरण अचूक शिकतात. ही मान डोलावणारी बाई मात्र त्यांच्या अभ्यासात येत नाही, आणि पुढे हेच तरुण तिचे पाळक होतात.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीनं पुरुषांना शिकवू नये, त्यांच्यावर अधिकार चालवू नये असं आहे. तिथे पौल इफिसच्या चालीरीतींचा दाखला देत नाही, थेट आदाम-हव्वेपर्यंत मागे जातो. म्हणून हा नियम त्या काळापुरता नाही, असं ही मंडळी म्हणतात. स्त्री कमी प्रतीची असं त्यांचं म्हणणं नसतं, जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत असं असतं. सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथानं २००० सालच्या आपल्या मतपत्रात पाळकपद पुरुषांपुरतं असल्याचं लिहून ठेवलं. त्या कारणानं २०२३ मध्ये सॅडलबॅकसारखी प्रचंड मंडळी पंथाबाहेर काढली. आणि ते आणखी एक बोट दाखवतात: ज्या सेमिनऱ्या सैल झाल्या त्यांचं काय झालं बघा. हेही खोटं नाही. हार्वर्डला कंटाळून निघालेली अँडोव्हर शंभर वर्षांनी, १९०८ मध्ये, हार्वर्डच्याच शेजारी केंब्रिजला राहायला गेली. १९६५ मध्ये दुसऱ्या सेमिनरीत मिसळली. आणि आता येल विद्यापीठाच्या आसऱ्याला आहे. सन व्हॅलीत मात्र तरुण येत राहतात.

माझं मत मी लपवत नाही. आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूरला स्थापन झाली. आमच्यात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, आणि ते मला योग्य वाटतं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल ज्या स्त्रियांची नावं घेऊन सलाम सांगतो, फिबीची शिफारस करतो, ते वाचताना तीमथ्याच्या पत्रातल्या त्या ओळींना सगळीकडे सर्वकाळ लागू करणं मला जमत नाही. पण या लेखात मी सनातनी बंधूंकडे पुलपिट मागत नाही. त्यावर ते आणि मी एकमत होणार नाही, आणि प्रामाणिक मतभेद मला चालतो. मी मागते आहे तो वर्ग. तीमथ्याच्या पत्रात त्या ओळीच्या लगेच आधी स्त्रीनं शिकावं असं पौल सांगतो. त्या काळच्या जगात ते सांगणंच मोठं होतं. तुम्ही वचनाला इतके चिकटून आहात तर याही वचनाला चिकटा. शिकण्याला मज्जाव करणारं एक अक्षर नव्या करारात नाही. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोससारख्या विद्वान उपदेशकाला प्रिस्किल्ला आणि अक्विला घरी नेतात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देतात. बायकोला काही येत नसतं तर लूकनं तिथे तिचं नाव आधी घातलं नसतं.

हिब्रूचा वर्ग म्हणजे पुलपिट नाही. तिथे कुणी मंडळीवर अधिकार चालवत नाही. तिथे परीक्षा असते. मग पाळकपद आणि पाळकपदासाठीचा अभ्यास या दोन गोष्टी एकाच कुलपात का ठेवायच्या? मला याचं एकच कारण दिसतं, ते म्हणजे सवय. आणि सवयीला वचनाइतका मान देणं हे तर या सेमिनऱ्यांच्याच शिकवणीविरुद्ध आहे.

शिवाय शिकवण्याचं काम बायका करतातच. आमच्या मंडळीत संडे स्कूल कोण घेतं? बाया. घरसभांत प्रार्थना कोण चालवतं, दवाखान्यात भेटायला कोण जातं, नवरा मारतो म्हणून रात्री पोरं घेऊन आलेल्या बाईला कोण घरात घेतं? पूर्वी मिशन बायबल वुमन नेमत असे. त्या बाया गावोगाव पायी हिंडल्या, तुटपुंज्या पगारावर, आणि बाळंतिणीच्या खोलीपर्यंत शास्त्र घेऊन गेल्या, जिथे पाद्रीसाहेबांना शिरकाव नव्हता. आज पगारही नाही, शिक्षणही नाही. संडे स्कूलच्या बाईला उत्पत्तीचा पहिला अध्याय शिकवायचा असतो, समोर विज्ञान घेतलेली अकरावीची मुलगी बसलेली असते, आणि बाईच्या हाताशी असतं व्हॉट्सअॅपवर आलेलं कुणाचं तरी भाषण. सनातनी मंडळींना शास्त्राच्या शुद्ध शिकवणीची जी काळजी आहे ती खरी असेल, तर मुलांना पहिलं शास्त्र शिकवणाऱ्या या बायांना अडाणी ठेवणं त्यांना परवडणार नाही.

आणखी एक गोष्ट जड मनानं लिहिते. २०२२ च्या मे महिन्यात सदर्न बॅप्टिस्ट पंथातल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींवर स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. जवळजवळ दोन दशकं तक्रार घेऊन आलेल्यांना पंथाच्या वरिष्ठांनी टाळलं, गप्प केलं, हे त्यात पुढे आलं. पुरुषांच्याच सेमिनऱ्यांमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. स्त्रिया शिकतात अशा चर्चमध्येही अत्याचार होतात. पण ज्यानं शिकण्याच्या सगळ्या वर्षांत एखाद्या स्त्रीला शास्त्रावर आपल्याशी वाद घालताना, आपली चूक दाखवताना ऐकलं नाही, तो पाळक झाल्यावर तिचं गाऱ्हाणं किती विश्वासानं ऐकेल? ऐकण्याची सवय वर्गातच लागते.

भाचीच्या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं: पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. १९५३ मध्ये यवतमाळला निघाली, १९८३ मध्ये पुण्याला आली. विचारानं इव्हँजेलिकलच, पण मुलींना घेते. तिला इंग्रजी येतं, तिचं निभेल. ज्यांचं निभणार नाही त्यांची मला चिंता आहे. जिल्ह्याच्या गावी, मराठीतून चालणाऱ्या ज्या लहान बायबल शाळा आहेत तिथे मी पाहिलं: मुलांना उपदेशाचं शास्त्र, करारांचा अभ्यास, थोडी ग्रीक, मुलींना मुलांची गाणी, फ्लॅनेल बोर्डवरच्या गोष्टी आणि शिवणकाम. हे शिक्षक वाईट नाहीत. बाहेरून आलेल्या अभ्यासक्रमात जसं होतं तसं त्यांनी ठेवलं. पण हा अभ्यासक्रम आमचा नाही. जिथे रमाबाईंनी हिब्रू शिकून घेतली त्या मुलखातल्या ख्रिस्ती मुलीला हिब्रूचं पहिलं अक्षर दिसू नये, हे परक्यांचं वळण आम्ही का गिरवावं?

म्हणून माझी मागणी या शाळांकडे आहे, आणि ती नव्या प्रवेशांच्या आधी कमिट्यांपुढे जावी असं वाटतं. शास्त्राचे आणि भाषांचे विषय मुलामुलींना एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे, एकच प्रश्नपत्रिका. पाळकपदाची दीक्षा कुणाला द्यायची ते ज्या त्या पंथानं ठरवावं. हिब्रू आणि ग्रीकचं पहिलं वर्ष मराठीतून, आणि शक्य असेल तिथे संध्याकाळी, म्हणजे शिक्षिका, नर्स, अंगणवाडीच्या बाया येऊ शकतील. मराठीतून शिकवायला पुस्तक नाही ही सबब मला सांगू नका. संस्कृत व्याकरण आपल्याला दोन हजार वर्षं माहीत आहे, धातू आणि विभक्ती समजावायला मराठीइतकी सोयीची भाषा थोडीच असेल. ज्या मंडळ्या परदेशी सेमिनरीत शिकायला जाणाऱ्या तरुणासाठी वर्गणी काढतात त्यांनी त्याच वेळी एका मुलीच्या फीचे पैसे बाजूला काढावेत. आमच्या स्त्रियांच्या सभेनं तसं ठरवलं आहे. हंगामाच्या सणाला धान्याचा लिलाव होतो त्यातून निघणाऱ्या रकमेचा अर्धा भाग याला जाईल. नाव एका नर्सचं निघालं आहे, राहुरीकडची, रात्रपाळी करते, दिवसा अभ्यास करीन म्हणते. तिला घेईल अशी शाळा जिल्ह्यात आम्ही शोधतो आहोत. दोन ठिकाणांहून नकार आला आहे, एका ठिकाणी प्राचार्यांनी कमिटीत विषय ठेवतो असं सांगितलं आहे.